न्हाणीजवळचा तवा

याइझू, जपान
१८ नोव्हेंबर १९७९

आण्णा,

अंजनाचा जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. बारा ओळींचं आहे आणि त्यातल्या नऊ माझ्या जेवणावर आहेत. 'विहारात राहतेस आणि मासे खातेस? खातेस तर खा, निदान घरी लिहू नकोस. वैनी पत्र मोठ्यानं वाचते, वरच्या मजल्यावर घरमालकीण ऐकते.' मग वैनीला मनात वाचायला सांग. मी काही लिहायची थांबत नाही.

फॉर्म तू भरलास, तेव्हा निम्मी गोष्ट तुझीच आहे, ती ऐकून घे. जपानी भिक्खू निपाणीला आले, माझी बालवाडी बघून गेले आणि त्यांच्या विहाराच्या बालवाडीत दोन वर्षं शिकायला ये म्हणाले. फॉर्म इंग्रजीत होता म्हणून मी बेळगावला तुझ्याकडं घेऊन आले. आहाराच्या रकान्यात तू लिहिलंस, 'प्युअर व्हेजिटेरियन'. मी म्हटलं, आण्णा, हे खोटं आहे. तू म्हणालास, "बौद्ध म्हणून चाललीयास न्हवं? मग मान ठेवतील तसं ऱ्हा की. गप बस गं." मी गप्प बसले. ती चूक माझी, तुझ्या माथी मारत नाही.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला दिसलं की माझं जेवण वेगळ्या पातेल्यात शिजतं. इथल्या विहाराचे प्रमुख ओशो-सान. त्यांना बायको आहे, फुमिको-सान, आपल्या आईच्या वयाची. (इथले भिक्खू लग्न करतात. तुला धक्का बसेल, मलाही बसला होता.) स्वयंपाकघर तिच्या हातात. तिथं एका फळीवर एक पातेलं, एक भाजी चिरायची पाटी, एक सुरी, एक वाडगा आणि खायच्या दोन काड्या. सगळ्यांना निळा दोरा बांधलेला. त्या वस्तूंना दुसरं कुणी हात लावत नव्हतं आणि मला दुसऱ्या कशातलं वाढत नव्हते.

माझं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं, मालकाच्या अंगणात, भिंतीच्या खुंटीवर आईसाठी टांगलेला कान तुटलेला कप आपण दोघांनीही बघितलाय. मला वाटलं, बातमी इथंही पोहोचली. कुणीतरी सांगितलं ह्यांना.

मी विचारलं नाही. जेवले की माझी भांडी मीच घासायची आणि अंगणातल्या नळाजवळ पालथी घालून ठेवायची. सकाळी बघावं तर फुमिको-सानने ती आत नेऊन पुन्हा फळीवर मांडलेली. मी बाहेर, ती आत. चार महिने आमचं हे चाललं होतं. तिला वाटत होतं ही भारताची रीत असेल. मला वाटत होतं ही बाई नुसतं दाखवायला गोड वागते. त्या चार महिन्यांत तिनं मला काय काय करून घातलं, पण मला एका घासाची चव आठवत नाही. खाली मान घालून गिळत होते.

मग ऑक्टोबरात एकदा दुपारी बालवाडी सुटल्यावर मागच्या अंगणात गेले. तिथं फुमिको-सान शेगडीवर वाळलेले बोटभर मासे भाजत होती. आण्णा, तोच वास. आई भाकऱ्या झाल्यावर मागं राहिलेल्या निखाऱ्यांवर बोंबील टाकायची, तो. तिनं मला बघितलं आणि घाईघाईनं शेगडी उचलून लांब नेली, कमरेत वाकून माझी माफी मागायला लागली. वासाबद्दल. माशाच्या वासाबद्दल कुणीतरी माझी माफी मागत होतं!

तेव्हा मोडक्यातोडक्या जपानीत मी विचारलं, माझी भांडी वेगळी का? ती आत गेली आणि कागद घेऊन आली. तुझं अक्षर. दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, माशाची सुरी तुझ्या भाजीला लागून तुझा धर्म मोडू नये म्हणून मी सगळं नवं आणलं. मी तिथंच खाली बसून रडले आणि रडता रडताच माशासाठी हात पुढं केला.

तिनं मासा दिला. पण पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चार महिने रोज दोन स्वयंपाक करत होती बिचारी. तिचा राग बरोबर होता. तिसऱ्या दिवशी कात्री आणून तिनं सगळे निळे दोरे कापले.

तर हे मी घरी लिहिलं. पुन्हा लिहीन.

अंजना


याइझू
२० जानेवारी १९८०

आण्णा,

'माशाचं पुराण पुरे कर' असं लिहिलंयस. आता तर सविस्तर लिहिते. चहा सांगून बस.

ह्या गावात बंदर आहे. कात्सुओ नावाचा हातभर मासा येतो. तो उकडतात, धुरावर धरतात, उन्हात वाळवतात, त्याला बुरशी येऊ देतात, पुसून पुन्हा वाळवतात. असं महिनोन् महिने. शेवटी त्याचं लाकूड होतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टिपऱ्या वाजल्यासारखे वाजतात. मग सुताराच्या रंध्यासारखी एक पेटी असते, तिच्यावर तो किसायचा. पातळ पापुद्रे निघतात. ते गरम पाण्यात टाकायचे, गाळायचं, आणि त्या पाण्यावर इथला सगळा स्वयंपाक उभा राहतो. श्रीमंताचा, गरिबाचा, मास्तरचा, न्यायाधीशाचा, सगळ्यांचा. हे मासे वाळवायचा कारखाना आहे, तो पूर्ण त्या वासानं भरलेला असतो. मी गेले तेव्हा तिथं कामाला असलेल्या बायका त्याच वासाच्या कपड्यांनी बसमध्ये चढल्या आणि त्यांच्या शेजारून कुणी उठून गेलं नाही. मी मुद्दाम शेवटच्या थांब्यापर्यंत बसून बघितलं.

तुला वाटेल मी आल्या दिवसापासून ह्या जेवणाच्या प्रेमात आहे. तसं अजिबात नाही. निपाणीहून आणलेली चटणीची डबी मी खिशात ठेवत होते आणि जे पुढं येईल त्यावर शिंपडत होते. फुमिको-सानने एकदा हात धरला. म्हणाली, आधी नुसतं पी. तोंडात धर. मग हवं तेवढं तिखट घाल. मी प्यायले. गरम पाणी, झालं. आठवडाभर मला गरम पाणीच लागत होतं. मग एका सकाळी, खूप थंडी होती, त्या पाण्यात मागं कुठंतरी धूर लागला आणि त्याच्याही मागं काहीतरी गोडसर. मी वाडगा खाली ठेवला तेव्हा डबीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, ते चार महिने तू मला जे घातलंस ते मी खाल्लंच नाही. पुन्हा कर. ती म्हणाली, पुन्हा मी करणार नाही, तू कर. आता रविवारी मी समुद्रातल्या शेवाळाच्या पट्ट्या भिजवून त्यांचं पाणी काढते. तीळ तासभर कुटते, त्याचा लगदा शिजवून वड्या पाडते. पहिल्या वेळी त्या आपल्या पिठल्यासारख्या झाल्या, ओशो-साननी चमच्यानं खाल्ल्या. शाकाहारी जेवण वाईट असतं असं मी कधीच म्हटलं नाही, आण्णा. भीतीनं खाल्लेलं जेवण वाईट असतं. आणि हो, नात्तो म्हणून आंबवलेलं चिकट सोयाबीन आहे, तार धरतं. ते मला अजून जमत नाही. इथल्या सगळ्याला मान डोलावतेय असं समजू नकोस.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात फुमिको-सान मला एका नदीकाठी घेऊन गेली. तिथं काळ्या जाळ्यांवर मैलभर गुलाबी काहीतरी वाळत घातलेलं होतं. जवळ जाऊन मूठभर उचललं. सुकट! आपली सुकट, फक्त गुलाबी. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की राखणदार धावत आला. घरी आणून कांदा, लसूण आणि डबीतली सगळी चटणी घालून लोखंडी तव्यावर परतली. सगळ्या विहारात ठसका. बालवाडीच्या बायका नाकाला पदर, म्हणजे रुमाल लावून दारात उभ्या. ओशो-साननी डोळ्यांतलं पाणी पुसत तीन वाडगे भात खाल्ला आणि विचारलं, हे कुणाचं?

मी म्हटलं, माझ्या आईचं.

आई सध्या काय खाते, आण्णा? तीन पत्रं आली तुझी, तिचं नाव नाही एकातही. गुडघा कसा आहे, निपाणी सोडून तुझ्याकडं बेळगावात करमतं का, काहीच नाही. ह्या पत्राला उत्तर लिहिशील तेव्हा मासे सोड आणि तिच्याबद्दल लिही.

अंजना


याइझू
२ एप्रिल १९८०

सिद्राम,

आज आण्णा लिहिवत नाही.

आईचं पत्र आलंय. तिला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे आणि मला वाटतं त्याच भरवशावर तू होतास. घरमालकांच्या मुलीनं, ब्राह्मीनं लिहून दिलंय, जशी आई बोलली तसं. तुला उतरवून पाठवते. वैनीला मोठ्यानं वाचू दे.

'अंजे, तुजी लई आठवन येती. हितं समदं ब्येस हाय. घर मोटं हाय, नळ घरात हाय. शेजारचे माग दीसभर खडखडत्यात, त्येची बी सवं झाली. माजा तवा तेवढा आण्णानं भाईर न्हाणीजवळ ठिवाय सांगितलाय. सुकट केली की मी थितंच दगडावर बसून खातो. ताटली बी थितंच ऱ्हाती. आत न्ह्याची न्हाय म्हनतोय, वास येतोय. आता करूच वाटंना. एकटीसाटी काय चूल पेटवायची? तू त्येला काय बोलू नगंस. त्येचं बी खरं हाय. लई कष्टानं वर आलाय.'

खाली ब्राह्मीनं तिचं तिचं लिहिलंय. 'ताई, वरचं आज्जींचं, हे माझं. आज्जी महिनाभर नीट जेवत नाहीत, आमटीत भाकरी कुस्करून ठेवतात आणि तशीच टाकतात. तुमच्या घरी काय शिजतं ते आम्हाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. तुम्ही कोण तेही ठाऊक आहे. आमच्या आईला तो वास सोसत नाही, म्हणून ती खिडकी लावून घेते. पण म्हाताऱ्या माणसाला न्हाणीजवळ बसवा असं आमच्या घरातलं कुणी म्हणालेलं नाही.'

आईची ताटली न्हाणीजवळ. माझी भांडी मी ह्या परक्या गावात चार महिने नळाजवळ पालथी घालत होते, पण माझा तो नुसता गैरसमज होता. तुझ्या घरात तो गैरसमज नाही. मालकानं आईचा कप भिंतीला टांगला, तो तरी परका होता. तू तिचा मुलगा आहेस.

मी हे पत्र फुमिको-सानला वाचून दाखवलं, जमेल तसं जपानीत. त्यासाठी मला त्या कपाची गोष्ट पहिल्यांदा सांगावी लागली. ती एकदम भडकली, आणि माझ्यावरच. म्हणाली, "म्हणजे चार महिने तू माझ्या घरात असं समजून जेवत होतीस? माझ्या घरात?" मी खोटं बोलले त्याचा तिला जेवढा राग आला नव्हता तेवढा ह्याचा आला. राग ओसरल्यावर विचारलं, "आणि तुझ्या आईची भांडी आत कोण आणतं?"

ह्याचं उत्तर तू दे.

अंजना


याइझू
२५ जून १९८०

आण्णा,

तुझं सहा पानी पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असशील. दोनदा वाचलं.

तू म्हणतोस, तिकडं जपानात बसून शौर्य गाजवायला काय जातं. नऊ घरमालकांनी तुला काय खाता विचारलं, खरं सांगितलंस आणि नऊ दारं लागली. दहाव्या दारात, आताच्या घरमालकांनी, नेमिनाथ आप्पांनी काही विचारायच्या आधीच तू सांगून टाकलंस, आम्ही खात नाही. बँकेत डबा उघडताना अजून आधी चारी बाजूंना बघतोस. हे सगळं खरं आहे. मी तुला खोटं पाडत नाही.

तो पितळी डबाही तू लिहिलायस. मी विसरले नाही, मी तिथंच होते. तू सातवीत, मी तिसरीत. पोरांनी तुझा डबा उघडला, नाकं धरली आणि भाकरीसकट सुकट शाळेच्या गटारीत ओतली. तू रिकामा डबा घेऊन घरी आलास आणि आईला म्हणालास, "पुन्यांदा हे देऊ नगंस." आईनं विचारलं नाही का ते. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या डब्यात नुसती चटणी होती, आणि तुला लागायची ती सुकट ती घरी संध्याकाळी करायची. तू चाटूनपुसून खायचास. तव्याला चिकटलेली खरपूस तर माझ्या हातातून ओढून घ्यायचास, चोर कुठला.

मला त्या पोरांचा अजून राग येतो. तुझ्याबद्दल वाईट वाटतं, हेही लिहिते, कारण ते खरं आहे. पण त्या पोरांनी डबा फेकला म्हणून आपण तवा बाहेर काढायचा? त्यांचं काम त्यांच्यासाठी आपण पुरं करायचं? आईनं तंबाखूच्या धुळीत खोकत आपल्याला शिकवलं ते तिनं शेवटी न्हाणीजवळ बसावं म्हणून नाही.

नको खाऊस तू. शाकाहारी राहा, खुशाल राहा. ज्याचं त्याचं तोंड. पण आई जे खाते ते ती घरात बसून खाईल, चुलीशेजारी, चार माणसांत. वास येतो तर येऊ दे. ब्राह्मीची आई, राजमती आक्का, खिडकी लावून घेतात आणि तरी ब्राह्मीला आईचं पत्र लिहायला खाली पाठवतात. त्यांना जमलं, तुला का जमत नाही?

मी पुढच्या एप्रिलमध्ये येतेय. तोवर तवा बाहेरच असेल तर आईला आणि तव्याला निपाणीला घेऊन जाईन. खोली शोधताना घरमालकानं विचारायची वाटसुद्धा बघणार नाही. आधी सांगेन काय शिजवणार ते, मग नाव सांगेन. लागू देत दारं. नऊ लागली तर दहावं ठोठावीन, तिथंही तेच सांगेन.

फुमिको-सान तुला नमस्कार सांगते. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. डब्याचं तर मुळीच नाही, ते आपल्या दोघांचं आहे.

अंजना


याइझू
९ ऑक्टोबर १९८०

आण्णा,

साडेतीन महिने तू एक ओळ लिहिली नाहीस. मी समजले, संपलं. आणि परवा पोस्टमन पार्सल घेऊन आला.

दारातच त्यानं ते नाकाशी धरलं आणि हसून विचारलं, कोणता मासा? मी पार्सल त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.

कापडात शिवलेलं, लाखेचे ठिपके. कापड आईच्या हिरव्या लुगड्याचं. टाके तिचेच, लांब लांब, चष्मा नसताना घालते तसे. आत तीन पदरी कागदात सुकट आणि वेगळ्या पुडीत चटणी. चिठ्ठी नाही. उलटंपालटं करून बघितलं, लुगड्याचा तुकडासुद्धा झटकला. तू एक शब्द लिहिला नाहीस.

मग वरचा कस्टमचा कागद बघितला. आत काय आहे ते लिहायचा रकाना. तुझं अक्षर, तेच, मागच्या फॉर्मवरचं. 'ड्राय फिश.' त्याखाली, कुणी मागितलेलं नसताना, 'मदर्स.'

बेळगावच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर कारकून मोठ्यानं विचारतो आत काय आहे म्हणून. मी माझं सामान पाठवलं तेव्हा मलाही विचारलं होतं, सगळी रांग ऐकत होती. तू तिथं उभा राहून सांगितलंस. तुझ्या स्कूटरच्या डिकीला अजून वास असेल आणि त्याच स्कूटरवरून तू बँकेत गेला असशील. हे सगळं मी त्या कागदावरून वाचलं. तो कागद मी फाडला नाही, ठेवून दिलाय.

संध्याकाळी सुकट केली. फुमिको-सानने तवा धरला, मी परतलं. इथल्या गुलाबी सुकटीपेक्षा आपली खारट, कडक, थोडी कचकचते सुद्धा. ओशो-सान म्हणाले, ही आमच्या सुकटीपेक्षा मोठी आहे, म्हणजे वयानं. खरपूस तव्याला चिकटली होती. ती मी कुणाला दिली नाही. दाताखाली धरली आणि तुझी फार आठवण आली, आण्णा. फार आली.

पण पार्सल पाठवलंस म्हणून मी गप्प होईन असं समजू नकोस. चार हजार मैलांवर मासा पाठवणं सोपं आहे. न्हाणीपासून चुलीपर्यंत किती पावलं आहेत? दहा? बारा?

जास्त लिहू नकोस. सहा पानं नकोत. पोस्टकार्ड घे आणि एवढंच लिही: तवा आत आला का?

अंजना